विश्लेषण : मॉडेल मालगाडीचे डबे वारंवार का घसरतात? चाके, ट्रक आणि कपलर बदलल्याने काय साधते?

टेबलावर मांडलेल्या रुळांवरून चाळीस डब्यांची छोटी मालगाडी निघते. सरळ मार्गावर ती झोकात धावते. मग वळण येते, सांधा येतो आणि मधलाच एखादा डबा रुळावरून उतरतो. तो एकटा जात नाही, पुढचे-मागचे चार डबेही आडवे करतो. मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. अशा वेळी दोष इंजिनाला किंवा रुळाला दिला जातो. खरे कारण मात्र अनेकदा डब्याच्या पोटाखाली असते : चाके, ती धरणारा सांगाडा आणि दोन डब्यांना जोडणारा आकडा. हे तीन भाग बदलण्याचे काम अमेरिकेतील छंदिष्टांमध्ये इतके रुळले आहे की नवा डबा घरी आला, तरी अनेक जण तो आधी उलटा करून बघतात. आजोबांच्या माळ्यावरच्या खोक्यातून निघालेली जुनी गाडी पुन्हा धावणार की कपाटातच राहणार, हेही बऱ्याचदा याच कामावर ठरते.

मॉडेल रेल्वेचे ‘प्रमाण’ म्हणजे काय?

खऱ्या रेल्वेची ठरावीक पटीत लहान केलेली, विजेवर चालणारी प्रतिकृती म्हणजे मॉडेल रेल्वे. सर्वाधिक लोकप्रिय प्रमाण ‘एचओ’ हे आहे. त्यात खऱ्या वस्तूचा आकार ८७.१ पटीने लहान होतो आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ज्यांच्याकडे जागा कमी असते, ते ‘एन’ प्रमाण निवडतात. अमेरिकेत ते १:१६० आहे आणि त्यात रुळांमधील अंतर अवघे ९ मिलिमीटर असते.

सुरुवातीच्या काळात प्रत्येक उत्पादकाची चाके आणि जोडण्या वेगळ्या असत. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर नीट चालत नसे. ही अडचण सोडवण्यासाठी १९३५ मध्ये अमेरिकेत ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ म्हणजेच ‘एनएमआरए’ ही संघटना स्थापन झाली. चाकाच्या कडेचा आकार, दोन चाकांमधील अंतर, कपलरची उंची, डब्याचे वजन अशा गोष्टींचे निकष आणि शिफारशी तिने तयार केल्या. आज डब्याची दुरुस्ती करणारा माणूस मापनपट्टी हातात घेतो, तेव्हा तो याच निकषांशी आपला डबा ताडून पाहत असतो.

‘ट्रक’ म्हणजे काय? तो आणि बोगी एकच का?

अमेरिकेत रेल्वेचा ‘ट्रक’ म्हणजे रस्त्यावरचा मालट्रक नव्हे. डब्याच्या प्रत्येक टोकाखाली दोन आस आणि चार चाके धरणारा जो सांगाडा असतो, त्याला तिथे ट्रक म्हणतात. भारतीय रेल्वेच्या तांत्रिक भाषेत त्याचे नाव बोगी आहे. आपल्या बोलण्यात मात्र ‘बोगी’ म्हणजे अख्खा डबा झाला आहे. म्हणून या लेखात ‘ट्रक’ हाच शब्द वापरला आहे.

मॉडेलचा ट्रक डब्याच्या तळाला एका स्क्रूने किंवा खुंटीने बसवलेला असतो आणि त्याभोवती तो डावी-उजवीकडे वळतो. साधारण मालडब्याला दोन ट्रक, चार आस, आठ चाके आणि दोन कपलर असतात. शंभर डब्यांचा संग्रह असेल, तर बदलायचे भाग होतात २०० ट्रक, ४०० आस आणि २०० कपलर. त्यामुळे हे काम एका रविवारचे नसते. अनेकांच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे चालते.

मूळ भाग बदलण्याची वेळ का येते?

पूर्वी सेटमध्ये मिळणाऱ्या स्वस्त डब्यांची रचना खेळणे म्हणून केलेली असे. त्यांना प्लास्टिकची चाके असत आणि अनेकदा कपलर डब्याऐवजी थेट ट्रकला जोडलेला असे. अशा ट्रकला ‘टॅल्गो’ प्रकारचा ट्रक म्हणतात. सेटमधील वळणे फार तीव्र असतात. एचओमध्ये त्यांची त्रिज्या साधारण १८ इंच, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते. कपलर ट्रकसोबत वळत असल्याने अशा वळणावर लांब डबेही अडखळत नाहीत. मुलांच्या खेळासाठी ही सोय उत्तम होती.

गाडी मागे ढकलताना मात्र याच सोयीची किंमत मोजावी लागते. इंजिनाचा सगळा जोर कपलरमधून थेट ट्रकवर येतो आणि ट्रक तिरका होतो. चाकाची कड रुळाला घासत वर चढते आणि डबा घसरतो. गाडी जितकी लांब, तितका हा धोका जास्त. कपलर डब्याच्या तळाला पक्का बसवला, तर हाच जोर डब्याच्या शरीरातून पुढे जातो आणि ट्रक आपले काम मोकळेपणाने करतो. खऱ्या मालडब्यातही कपलर डब्यालाच असतो.

याला अपवाद आहे. खऱ्या ८९ फुटी मालडब्याची एचओ प्रतिकृती सुमारे ३१ सेंटिमीटर लांब असते. तिचे कपलर तळाला पक्के बसवले आणि वळण मात्र खेळण्यातलेच ठेवले, तर वळणावर डब्याचे टोक इतके बाहेर जाते की शेजारचा डबा ओढला जाऊन घसरतो. म्हणून कपलर बदलण्याआधी आपल्या मांडणीतील सर्वांत तीव्र वळण मोजून घ्यावे लागते.

खऱ्या रेल्वेत कपलरचा प्रश्न किती गंभीर होता?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील डबे ‘लिंक अँड पिन’ पद्धतीने जोडले जात. जवळ येणाऱ्या दोन डब्यांच्या मध्ये कर्मचारी उभा राही, लोखंडी कडी हाताने समोरच्या खाचेत घाली आणि वरून खिळ टाकी. क्षणाचा अंदाज चुकला की बोटे किंवा हात चिरडला जाई. अनेकांचे प्राणही गेले. ज्याची बोटे शाबूत नाहीत तो जुना अनुभवी ब्रेकमन, असे त्या काळी ओळखले जाई.

एली जॅनी यांनी १८७३ मध्ये स्वयंचलित कपलरचे पेटंट घेतले. दोन माणसांनी बोटे वाकवून एकमेकांचे हात अडकवावेत, तशी त्याची रचना आहे. डबे एकमेकांवर हलके आदळले की दोन्ही पंजे आपोआप मिटतात. माणसाला मध्ये उभे राहावे लागत नाही. रेल्वे कंपन्यांनी हा खर्च सहजासहजी स्वीकारला नाही. अखेर १८९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘सेफ्टी अप्लायन्स अ‍ॅक्ट’ मंजूर केला आणि १९०० पासून स्वयंचलित कपलर आणि एअरब्रेक यांची सक्ती पूर्णपणे लागू झाली. आज मॉडेलच्या डब्यावर जो नखाएवढा पंजा बसवला जातो, त्याच्यामागे हा इतिहास आहे.

मॉडेलमधील कपलर कसे बदलत गेले?

१९५० च्या दशकात ‘एक्स-टू-एफ’ नावाचा प्लास्टिकचा कपलर पुढे आला. त्याच्या टोकाला शिंगासारखा आकार असल्याने तो ‘हॉर्न-हुक’ म्हणून ओळखला जातो. तो स्वस्त होता, धक्का बसताच आपोआप जोडला जाई आणि अनेक उत्पादकांनी तो वापरल्याने वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र चालू लागले. एनएमआरएने त्याला अधिकृत निकषाचा दर्जा मात्र दिला नाही. त्याच्यात एक मूळचा दोष होता. ढकलताना तो डब्याला बाजूला रेटतो. हलक्या डब्याला घसरण्यासाठी तेवढे पुरेसे असते. शिवाय खऱ्या कपलरशी त्याचे काहीच साम्य नव्हते.

कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी ओरेगन राज्यात सुरू केलेल्या ‘केडी’ कंपनीने हे चित्र बदलले. दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून कंपनीचे नाव तयार झाले. तिचा धातूचा कपलर खऱ्या पंजासारखा दिसतो. त्याच्या खाली वाकवलेली एक पोलादी तार असते. ती दिसते ब्रेकच्या हवेच्या नळीसारखी, पण तिचे काम वेगळे आहे. रुळांच्या मध्ये बसवलेल्या चुंबकावर दोन डबे थांबले आणि जोडणीवरचा ताण सैल झाला, की या तारा विरुद्ध बाजूंना खेचल्या जातात आणि पंजे उघडतात. सुटलेला डबा मग पुन्हा न जोडता हव्या त्या जागेपर्यंत ढकलताही येतो. हाताचा स्पर्श न करता मालधक्क्यावर डबा सोडून येणे त्यामुळे शक्य झाले.

या कंपनीचा ‘नंबर ५’ कपलर कित्येक दशके छंदिष्टांचा अघोषित निकष होता. पेटंटची मुदत संपल्यावर १९९० च्या दशकात मॅकहेन्री, अ‍ॅक्युमेट, ई-झी मेट असे त्याच्याशी जुळणारे कपलर बाजारात आले. त्यामुळे आज बहुतेक नव्या एचओ डब्यांना पंजासारखाच कपलर असतो. ‘एन’ प्रमाणात अरनॉल्ड कंपनीचा ‘रॅपिडो’ कपलर दीर्घकाळ चालला. तिथेही बरेच जण तो काढून पंजाचा कपलर बसवतात.

चाके बदलल्याने नेमका काय फरक पडतो?

पहिला फरक घर्षणाचा. चांगल्या मॉडेलमध्ये आसाची दोन्ही टोके सुईसारखी निमुळती असतात आणि ती ट्रकच्या आतल्या बाजूच्या शंकूसारख्या खळग्यात टेकतात. टेकण्याची जागा टोकापुरतीच असल्याने डबा सहज घरंगळतो. चाळीस डब्यांच्या गाडीत हा फरक इंजिनाला लगेच जाणवतो. जी गाडी चढावर अडत होती, ती त्याच इंजिनाने वर जाते.

दुसरा फरक स्वच्छतेचा. प्लास्टिकची चाके रुळावरचा काळा थर उचलतात आणि सगळीकडे पसरवतात, असा अनेकांचा अनुभव आहे. मॉडेलमध्ये वीज रुळांतूनच इंजिनापर्यंत पोहोचते. त्यामुळे रूळ मळले की इंजिन अडखळते. गुळगुळीत धातूची चाके लवकर मळत नाहीत आणि पुसायलाही सोपी असतात. शिवाय त्यांचे वजन अगदी तळाशी पडते, त्यामुळे डबा स्थिर राहतो.

तिसरा फरक दिसण्याचा. चाकाच्या रुंदीला ‘कोड’ म्हणतात आणि तो इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. नेहमीचे एचओ चाक ‘कोड ११०’ असते, म्हणजे ०.११० इंच रुंद. हा आकडा ८७.१ पट केला तर खऱ्या मापात ९.६ इंच होतात. खरे मालडब्याचे चाक सुमारे साडेपाच-पावणेसहा इंचच रुंद असते. ‘कोड ८८’चे चाक त्या मानाने सडपातळ आणि खऱ्याच्या जवळचे दिसते. पण सांध्याच्या मधल्या फटीत अरुंद चाक किंचित खाली बसू शकते. आपले सांधे निकषांप्रमाणे नीट बसवलेले नसतील, तर कोड ११० अधिक सुरक्षित ठरते.

व्यासही महत्त्वाचा आहे. अमेरिकेत ७० टनांपर्यंतच्या मालडब्यांना सहसा ३३ इंच व्यासाची चाके असतात, तर १०० टनी डब्यांना ३६ इंची. एचओमध्ये ही मापे अनुक्रमे ९.६ आणि १०.५ मिलिमीटर होतात. फरक एक मिलिमीटरही नाही, पण पुढे कपलरची उंची तपासताना तो नडतो.

ट्रक कोणता निवडायचा?

इथे यंत्रासोबत इतिहासही बघावा लागतो. पट्ट्या वाकवून, बोल्टने जोडून बनवलेला ‘आर्चबार’ ट्रक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्रास दिसे. पुढे ओतीव पोलादाच्या एकसंध बाजू असलेले ट्रक आले. छंदिष्ट त्यांना सरसकट ‘बेटेनडॉर्फ’ म्हणतात. पट्ट्यांचे बोल्ट सैल होण्याचा धोका ओळखून १९४० च्या सुमारास एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर जाणाऱ्या डब्यांसाठी आर्चबारवर बंदी आली.

त्यानंतरचा मोठा बदल बेअरिंगचा. जुन्या ट्रकमध्ये आसाच्या टोकाला तेलात भिजलेल्या चिंध्यांची पेटी असे. ती तापली की आग लागण्याचा किंवा आस तुटण्याचा धोका असे. रोलर बेअरिंगने तो बराच कमी केला आणि १९६० च्या दशकात नव्या मालडब्यांसाठी ती सक्तीची झाली. मॉडेलमध्येही हा फरक नजरेला दिसतो. जुन्या ट्रकच्या टोकाला झाकणाची चौकोनी पेटी असते, नव्याच्या टोकाला गोल टोपी. म्हणून १९८० ची गाडी चालवणाऱ्याने आर्चबार ट्रक लावला, तर तो कितीही छान घरंगळला तरी जाणकारांच्या डोळ्यांना खुपतो.

बदलाचे काम कोणत्या क्रमाने करतात?

क्रम चुकला तर एकच काम दोनदा करावे लागते. अनुभवी मंडळी आधी चाके, मग ट्रक, त्यानंतर वजन आणि शेवटी कपलर असा क्रम पाळतात. चाकाचा व्यास आणि ट्रकची जाडी बदलली की डब्याची उंची बदलते आणि डब्यासोबत कपलरचीही. ३३ ऐवजी ३६ इंची चाक लावले तर डबा सुमारे ०.४४ मिलिमीटरने वर उचलला जातो. कपलर आधीच नीट बसवला असेल, तर ते काम वाया जाते.

चाकाची जोडी बसवण्याआधी ती एनएमआरएच्या मापनपट्टीत ठेवून बघतात. दोन चाकांमधले अंतर कमी-जास्त असेल, तर चाक हलके पिळत आसावर थोडे सरकवता येते. मग ट्रकच्या बाजू बोटांनी किंचित फाकवून आस आत सोडतात. इथे आसाची लांबी निर्णायक ठरते. वेगवेगळ्या कंपन्यांचे आस एक इंचाच्या आसपास असतात, पण नेमके सारखे नसतात. आस लांब असेल तर तो दोन्ही बाजूंना दाबला जाऊन जड फिरतो. आखूड असेल तर खळग्यात डुगडुगतो आणि डबा एका बाजूला कलतो. खळगे साफ करणारे छोटे हत्यारही मिळते. ते ट्रकमध्ये घालून दोन-चार वेळा फिरवले की आतला खडबडीतपणा निघतो.

ट्रक बसवताना दोन्ही स्क्रू सारखेच आवळणे ही नेहमीची चूक आहे. चार पायांचे टेबल खडबडीत फरशीवर डगमगते, तिपाई डगमगत नाही. हेच तत्त्व इथे वापरतात. एका ट्रकचा स्क्रू असा आवळतात की तो डावी-उजवीकडे वळेल, पण वर-खाली डुलणार नाही. दुसरा थोडा सैल ठेवतात, म्हणजे तो वळेलही आणि डुलेलही. रुळात उंच-सखलपणा आला तरी आठही चाके त्यामुळे टेकलेली राहतात. एवढ्याने अनेक ‘घसरे’ डबे सुधारतात आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

वजनाचा हिशोब कसा करतात?

हलका डबा वळणावर आतल्या बाजूला ओढला जाऊन आडवा होतो. गरजेपेक्षा जड डब्यामुळे इंजिनावर ताण येतो. एनएमआरएची एचओसाठीची शिफारस सोपी आहे. आधी एक औंस धरायचा आणि डब्याच्या लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस वाढवायचा. खऱ्या ४० फुटी बंद डब्याची प्रतिकृती साडेपाच इंच लांब असते. तिचे वजन पावणेचार औंस, म्हणजे सुमारे १०६ ग्रॅम हवे. ‘एन’ प्रमाणात सुरुवात अर्ध्या औंसाने होते आणि दर इंचाला ०.१५ औंस वाढवतात.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. बंद डब्यात वजन आतून, शक्य तितके तळाशी चिकटवतात. उघड्या सपाट डब्यात ते लपवायला जागाच नसते, तिथे धातूची चाके आणि धातूचे ट्रक कामी येतात.

कपलरची उंची इतकी का महत्त्वाची?

एचओमध्ये रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंतची उंची २५/६४ इंच, म्हणजे सुमारे ९.९ मिलिमीटर ठरलेली आहे. एका डब्याचा पंजा वर आणि दुसऱ्याचा खाली असेल, तर सपाट रुळावर ते जोडलेले राहतात. चढ सुरू होताच एक पंजा दुसऱ्यातून निसटतो आणि गाडीचे दोन तुकडे होतात. मागचे डबे उतारावर उलटे धावत सुटतात.

तपासणीसाठी रुळावर ठेवायचे तयार माप मिळते. डबा त्याच्याजवळ नेला की पंजा उंच आहे की खाली, हे लगेच कळते. कपलर खाली असेल, तर ट्रक आणि डब्याच्या तळामध्ये ०.०१० किंवा ०.०१५ इंच जाडीचा वॉशर घालतात. उंच असेल, तर तळाचा टेकू कानशीने हलकेच घासतात. याशिवाय दांडी मध्यापेक्षा वर किंवा खाली असलेले कपलरही मिळतात. खालची तार रुळाला घासत नाही ना, हेही याच मापावर बघतात. ती घासली तर सांध्यात अडकून डबा उचलला जातो.

ट्रकवरचा कपलर काढून तळाला बसवायचा असेल, तर त्याची छोटी पेटी डब्याच्या टोकाशी स्क्रूने लावतात. एचओमध्ये त्यासाठी ‘२-५६’ मापाचा स्क्रू वापरतात. सुमारे १.८ मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यात आटे पाडतात. छिद्र डब्याच्या मध्यरेषेवरच हवे. ते बाजूला गेले तर कपलर कायम तिरका राहतो. बसवल्यावर पंजा बोटाने बाजूला ढकलून सोडला की तो आपोआप मध्यावर यायला हवा. अडखळत असेल तर पेटीत ग्रॅफाइटची कोरडी पूड टाकतात. तेल टाळतात, कारण ते धूळ धरून ठेवते आणि काही प्रकारचे प्लास्टिक खराब करते.

धातूचे भाग लावल्याने वीज आणि चुंबकाचा घोळ होतो का?

होऊ शकतो. मॉडेलच्या दोन रुळांमधून विजेची दोन टोके वाहतात. धातूचा आस दोन्ही रुळांना जोडेल, तर शॉर्टसर्किट होईल. म्हणून धातूच्या जोडीतील निदान एक चाक आसापासून प्लास्टिकच्या तुकड्याने अलग केलेले असते. ट्रकचा सांगाडा प्लास्टिकचा असेल, तर ही अलग बाजू कुठे आहे याने फरक पडत नाही. सांगाडा धातूचा असेल, तर एका ट्रकमधील दोन्ही जोड्यांची अलग चाके एकाच बाजूला हवीत. डब्याचा तळ आणि कपलरही धातूचे असले, तर वीज शेजारच्या डब्यात जाऊ शकते. आजवर नीट चाललेली गाडी विशिष्ट दोन डबे जोडले की बंद पडते, त्याचे कारण अनेकदा हेच असते.

दुसरा घोळ चुंबकाचा. आस पोलादी असेल, तर रुळांमधल्या चुंबकावरून जाताना डबा धक्का खातो किंवा नको तेव्हा त्याकडे ओढला जातो. क्षणभर जोडणी सैल होते आणि चालत्या गाडीतले कपलर सुटतात. म्हणून चुंबकाने डबे सोडणारे लोक पितळेसारख्या, चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूचे आस घेतात.

प्रत्येक डब्याचे भाग बदलायलाच हवेत का?

नाही. जुन्या, संग्राह्य गाड्यांची किंमत त्यांच्या मूळ भागांत असते. मूळ ट्रक काढून टाकले, तळाला छिद्रे पाडली, की संग्राहकाच्या लेखी त्या डब्याचे मोल उतरते. त्यामुळे परत फिरवता येणारा आणि न येणारा बदल यांतला फरक ओळखावा लागतो. चाके बदलणे परत फिरवता येते. तळाला छिद्र पाडणे येत नाही. काढलेले भाग पिशवीत घालून, डब्याचा क्रमांक लिहून ठेवण्याची सवय म्हणूनच चांगली.

वडिलांकडून किंवा आजोबांकडून आलेल्या डब्यांबाबत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. साठ-सत्तरच्या दशकातील हॉर्न-हुकचा डबा आजच्या पंजाच्या कपलरला जोडला जात नाही. तो जसाच्या तसा जपायचा, की चाके-कपलर बदलून नातवाच्या गाडीत धावू द्यायचा? यावर एक मधला मार्ग आहे. एका टोकाला जुना आणि दुसऱ्या टोकाला नवा कपलर असलेला एखादा ‘दुवा’ डबा तयार करतात. त्याच्या मागे जुने डबे जसेच्या तसे जोडून चालवता येतात.

मोठ्या संग्रहासाठी सगळे एकदम बदलण्याऐवजी क्लबांमध्ये खऱ्या रेल्वेचीच पद्धत वापरतात. अमेरिकी रेल्वेत नादुरुस्त डब्यावर ‘बॅड ऑर्डर’ अशी चिठ्ठी लागते. तशीच चिठ्ठी घसरलेल्या डब्यासोबत ठेवून तो बाजूला काढतात आणि घसरण्याची जागा लिहून ठेवतात. वेगवेगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा सगळीकडे घसरत असेल तर दोष डब्याचा. खर्च करण्याआधी ही नोंद पाहिली, तर बरेच पैसे वाचतात.

महाराष्ट्रातील हौशी मंडळींनी काय लक्षात घ्यावे?

मॉडेल रेल्वेची ओळख महाराष्ट्रात अनेकांना पुण्यातील कोथरूडच्या ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’मुळे झाली. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले.

भारतीय गाडीची प्रतिकृती करणाऱ्यांपुढे एक वेगळा पेच असतो. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ हे १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे लघुरूप आहे. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे आहे. त्याच प्रमाणात ते १९.२ मिलिमीटर व्हायला हवे. तयार चाके आणि ट्रक १६.५ साठीच मिळत असल्याने गाडी सहसा त्याच रुळावर चालवावी लागते. डबा रुंद आणि रूळ अरुंद, अशी तडजोड त्यात येते. वजन, तिपाईचे तत्त्व आणि कपलरची उंची तपासणे अशा वेळी अधिक गरजेचे ठरते.

कपलरच्या बाबतीत मात्र नाते थेट आहे. भारतीय रेल्वेच्या ‘बॉक्सएन’ वाघिणींना आणि एलएचबी प्रवासी डब्यांना असलेला सेंटर बफर कपलर जॅनी यांच्याच कल्पनेच्या घराण्यातला आहे. फलाटाच्या टोकाला उभे राहून दोन डब्यांच्या मध्ये डोकावले, तर मिटलेले ते दोन पंजे दिसतात. टेबलावरच्या गाडीत तेच पंजे नखाएवढे होतात. ते बसवताना आधी वॉशर, स्क्रू आणि मापनपट्टी हाताशी घ्यावी. नवी चाके आणि ट्रक विकत घ्यायचे की नाही, हे त्यानंतर ठरवावे.